पेंटबॉल मार्करवर रेड डॉट बसवायचा आहे. रेल कुठली घ्यावी? नेम सुधारेल का?

जुन्या टिपमन ९८ मार्करवर (मार्कर म्हणजे पेंटबॉलची बंदूक) ३/८ इंचाची डव्हटेल रेल, म्हणजे साईट बसवायची पट्टी, असते आणि बाजारातले बहुतेक रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साईट) पिकॅटिनी नावाच्या, आडव्या खाचांच्या रेलचे, म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो. व्हीव्हर ही तशीच दुसरी रेल; तिचा माउंट पिकॅटिनीवर बसतो, उलटं नेहमी जमत नाही, कारण व्हीव्हरची खाच अरुंद. रेलचं एवढंच. पण तुम्ही मास्कबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

गोव्यात डिचोलीजवळ काजूच्या भाटात भावोजींनी आणि मी पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. तिसऱ्या महिन्यात ते आठ रेड डॉट घेऊन आले. "फोटोत गन कशी भारदस्त दिसते बघ." मी एक बसवला, मास्क घालून खांद्याला लावला. मास्क स्टॉकवर (खांद्याला टेकवायच्या दांड्यावर) अडतो, डोळा वरच राहतो, लाल ठिपका दिसतच नाही. म्हटलं, साईट उंच करणारे इंच-दीड इंचाचे रायझर आणू. ते म्हणाले, "आधीच एवढे पैसे गेलेत. मान वाकडी केली की दिसतं."

त्याच रविवारी कॉलेजची पोरं आली. एकजण पिंपाआड गुडघ्यावर बसला होता. दोनदा मान वाकडी करून पाहिली, मग अंगठा हनुवटीखाली घालून मास्क सरळ कपाळावर सरकवला. ठिपका बघायला! समोरून गोळ्या चालूच होत्या. मी शिट्टी फुंकत धावलो आणि पंजाने त्याचा चेहरा झाकला. एक गोळी माझ्या मनगटावर फुटली. सेकंदाला ८०-९० मीटरच्या वेगाने सुटलेली गोळी. आठवडाभर काळंनिळं होतं. माझ्या हाताच्या मागे त्याचा डोळा होता.

संध्याकाळी आठही साईट मी उतरवल्या. भावोजी अजून म्हणतात, चूक त्या पोराची. साफ खोटं. मास्क घालून न दिसणारी साईट माणसाला मास्क काढायला लावते, आणि ती आम्ही बसवली होती.

नेमाचं म्हणाल तर फार आशा धरू नका. ०.६८ इंची गोळी, जिलेटिनचं कवच, बॅरल बहुधा आतून गुळगुळीत. २५ मीटरवर ती हातभर तरी खाली उतरते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत गोळ्या फुगतात. ताज्या गोळ्या आणि त्यांच्या मापाचं बॅरल यांवर आधी खर्च करा. दूरचं मोठं करून दाखवणारा स्कोप तर घेऊच नका.

हां, हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) मधोमध असेल तर साईट बाजूला नेणारा माउंट लागेल. साईटच्या काचेपुढे गोळ्या अडवायला पॉलिकार्बोनेटची पट्टीही लावा.

बसवून झालं की हवेची टाकी आणि गोळ्या काढा, मास्कचा पट्टा घट्ट करा आणि मार्कर दहा वेळा खांद्याला लावा. दहाही वेळा मान न वाकवता ठिपका दिसला पाहिजे. नऊच वेळा दिसला तर रायझर बदला. भावोजींनाही मी हेच सांगत होतो.