डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर कर्नलने तो वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिताय. ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारा कोड, वेगळ्या फायलींत ठेवून लागतील तसे लोड करायचेत. पण डिस्क वाचायला डिस्कचा ड्रायव्हर हवा, आणि तो डिस्कवरच आहे. मग सगळं कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, कोंबावं का?

कोंबू नका, शिदोरी बांधा. आमच्याकडे खानदेशात शेतावर जाताना कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून नेतात, कारण तिथे काही चूल पेटलेली नसते. लिनक्समधलं इनिट्रॅमएफएस हेच काम करतं. बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला मेमरीत आणणारा प्रोग्राम, कर्नलसोबत एक छोटं अर्काइव्ह (अनेक फायलींचं एक गाठोडं) मेमरीत आणून ठेवतो, डिस्कचा ड्रायव्हर त्यात असतो. बूटलोडरला डिस्क वाचता येते, कारण तो बायॉस किंवा यूईएफआय या मदरबोर्डवरच्या फर्मवेअरकडून वाचून घेतो, आणि यूईएफआयला फॅट ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) मुळातच कळते. ग्रब हा बूटलोडर वापरत असाल तर मल्टिबूट या ठरलेल्या पद्धतीने जास्तीच्या फायली मागा. त्या मेमरीत कुठे ठेवल्या, तो पत्ता ग्रब कर्नलला देतो.

शिदोरीसाठी टार फॉरमॅट घ्या, वाचायला सोपा आहे. ५१२ बाइटचं हेडर, सुरुवातीला नाव, १२४व्या बाइटपासून आकार. आकार अष्टमान पद्धतीत, तोही अक्षरांत लिहिलेला असतो. तिथे १४४ दिसलं तर फाइल १०० बाइटची. हा आकडा दशमान समजून वाचलात तर पुढचं प्रत्येक हेडर चुकीच्या जागी शोधाल. माझे दोन दिवस यातच गेले होते.

आता खरा मुद्दा. जळगावला शिकत असताना मी पहिल्यांदा लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल केला. मशीन सुरू केलं तर पडद्यावर पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकल्याचा संदेश: रूट (मुख्य) फाइल सिस्टीम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक (०,०). मी ईएक्सटी या लिनक्सच्या फाइल सिस्टीमचे पर्याय उलटसुलट करून पाहत राहिलो, आणि चूक तिथे नव्हतीच. (०,०) म्हणजे कर्नलला डिस्कच सापडली नाही, ड्रायव्हर राहून गेला. तिथे (८,१) असतं, तर पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन दिसतंय पण त्यातली फाइल सिस्टीम ओळखता येत नाही, असा अर्थ झाला असता. दोन वेगळे थर, दोन वेगळ्या चुका. तुमच्या सिस्टीममध्येही ते असेच वेगळे राहू द्या.

खालच्या थराला एवढंच ठाऊक असावं: अमुक सेक्टरपासून (डिस्कच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यापासून) इतके सेक्टर वाच. वरच्या थराला ओपन, रीड, लुकअप, म्हणजे फाइल उघड, वाच, नावाने शोध. फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये साटा, एनव्हीएमई हे डिस्क जोडायच्या पद्धतींचे शब्द कुठेही येता कामा नयेत. लिनक्समध्ये व्हीएफएसवर, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टीमसाठी सामाईक असलेल्या अशाच वरच्या थरावर, आधारलेली पहिली फाइल सिस्टीम १९९२ ची ईएक्सटी. त्यानंतर कितीतरी फाइल सिस्टीम आल्या, पण वापरणाऱ्या प्रोग्रामला ओपनच्या पलीकडे काही शिकावं लागलं नाही.

ड्रायव्हर निवडायला पीसीआयवरच्या (उपकरणं जोडणाऱ्या बसवरच्या) उपकरणाचा क्लास, म्हणजे प्रकाराचा आकडा, पाहा. ०१ म्हणजे साठवणूक, त्यात ०६ साटा, ०८ एनव्हीएमई. प्रत्येक ड्रायव्हरने आपण काय चालवतो ते एका तक्त्यात सांगायचं, कर्नलने जुळवायचं. उपकरणांची नावं कर्नलमध्ये इफ-एल्समध्ये लिहीत बसलात तर सहा महिन्यांत तो कोड उघडायची भीती वाटेल.

फाइल सिस्टीम ओळखताना क्रम फार महत्त्वाचा. ईएक्सटी२चा सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टीमची मूळ माहिती असलेला भाग, १०२४व्या बाइटला सुरू होतो, त्यात ५६ बाइट पुढे ५३ ईएफ दिसतं. ही खूण भरवशाची. फॅटचं तसं नाही. पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए असतं खरं, पण ते पार्टिशनच्या तक्त्याच्या, म्हणजे एमबीआरच्या सेक्टरलाही असतं. शिवाय ईएक्सटी पहिले १०२४ बाइट मोकळे सोडते, त्यामुळे जुन्या फॅटची खूण तिथे शिल्लक राहू शकते. म्हणून फॅट सगळ्यात शेवटी तपासा, आणि तेव्हाही प्रति सेक्टर बाइट, प्रति क्लस्टर (सेक्टरांचा गट) सेक्टर हे आकडे पटण्याजोगे आहेत का ते पाहा.

सुरुवातीचे काही महिने फक्त वाचा, लिहू नका. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट न सांगता जाते. बिटमॅप (कुठली जागा भरलेली, त्याची नोंद) लिहून झाला आणि आयनोड (ती जागा कुठल्या फाइलची, त्याची नोंद) लिहायचा राहिला, की ती जागा ना मोकळी, ना कुणाची. ईएक्सटी३मध्ये जर्नल, म्हणजे बदल आधी टिपून ठेवायची वही, आलं ते यासाठीच. लिहिणं सुरू कराल तेव्हा क्यूईएमयूला (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) मधेच बंद पाडा, त्याच्या डिस्कच्या इमेजवर एफएससीके हा फाइल सिस्टीम तपासणारा प्रोग्राम चालवा आणि काय तुटलं ते वहीत टिपून ठेवा. असं शंभरेक वेळा झाल्याशिवाय खऱ्या डिस्कला हात लावू नका.