ऑटोपे घेताय? आधी गेटवे पाहा

प्रश्न : मी फोंड्याहून दरमहा गोव्याच्या जिनसांची पेटी पाठवते. सोलां, आगळ, उकडा तांदूळ, काजू. गिऱ्हाइकं दोनशेच्या आसपास, बहुतेक मुंबई-पुण्यातले गोंयकार. ऑर्डर वेबसाइटवरून येते. पेटी 1,250 रुपयांची. दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर क्यूआर पाठवून पैसे मागण्यात आठवडा जातो. आपोआप पैसे कापणारं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, सॉफ्टवेअर विकणाऱ्याला पहिल्यांदा हे विचारा : उद्या तुम्हाला सोडलं, तर गिऱ्हाइकांची परवानगी माझ्याबरोबर येईल का? यूपीआयचा पिन टाकून किंवा कार्डाचा ओटीपी देऊन गिऱ्हाईक जी परवानगी देतं, ते ई-मँडेट. ते पेमेंट गेटवेमार्फत, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, नोंदलं जातं. गेटवे बदलला की सगळ्यांकडून ते नव्याने घ्यावं लागू शकतं. ऑक्टोबर 2022 पासून कार्डाचे क्रमांक दुकानदाराला साठवताही येत नाहीत. मी मडगावात लहान धंद्यांचे हिशेब बघते. ‘परत एकदा पिन टाका’ म्हटलं की वयस्कर गिऱ्हाईक फसवणूक समजून फोन ठेवतं, आणि कित्येक जण तिथेच गळतात.

म्हणून गेटवे विचारपूर्वक निवडा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू या गेटवेंकडे सबस्क्रिप्शनची, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची, सोय आहे. दोनशे गिऱ्हाइकांना तेवढी पुरे. झोहो बिलिंग किंवा चार्जबी ही बिलांची वेगळी सॉफ्टवेअरं गेटवेला जोडून चालतात. त्यांचा खर्च आज नको. पेट्यांचे प्रकार वाढले की बघू.

चवथीला, म्हणजे गणपतीत, तुमची निम्मी गिऱ्हाइकं गावीच येत असतील. बंद दारावर पेटी पाठवून काय उपयोग? एखादा महिना वगळायची सोय गिऱ्हाइकाच्या हातात हवीच. ती नसली की माणूस यूपीआय अॅपमधून मँडेटच रद्द करतो, मग त्याला परत आणणं फार कठीण. डेमोत हेच करून दाखवायला सांगा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 रुपयांपर्यंतची वजावट दर वेळी ओटीपी न मागता होते. तुमची वर्षाची वर्गणी बरोब्बर तेवढीच भरते. कुरिअरचे शंभर रुपये चढवले की ओटीपी आला. तेव्हा वर्गणी मासिकच ठेवा. मँडेट मात्र ‘जास्तीत जास्त 2,000’ असं घ्या, म्हणजे मे महिन्यात मानकुराद आंबे घातले तरी वाढीव रक्कम त्यात बसेल. कापण्याच्या किमान 24 तास आधी गिऱ्हाइकाला सूचना जाते, त्यामुळे वाढ आधीच कळवा, नाहीतर ती सूचना बघून लोक बिथरतात. वजावटीची तारीख 5 धरा. तोवर पगार-पेन्शन जमा झालेली असते.

जीएसटीकडे लक्ष द्या. करपात्र माल राज्याबाहेर जातो, म्हणजे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. मुंबईच्या बिलावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा), पणजीच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) आपोआप पडायला हवा. आणि वेगवेगळ्या दरांच्या जिनसा एकाच किमतीत विकल्या, तर सगळ्या पेटीला चढा दर लागू शकतो. किंमत ठरवण्याआधी करसल्लागाराशी बोला.

गेटवेचं शुल्क समजा दोन टक्के असलं, तर पेटीमागे 25 रुपये, दोनशे पेट्यांचे महिन्याला 5,000, वर जीएसटी. हा आकडा प्रत्येक गेटवेकडून लेखी घ्या.

सुरुवात ओळखीच्या दहा गिऱ्हाइकांपासून करा. एकाला महिना वगळायला सांगा, एकाला रद्द करायला, आणि एकाच्या रिकाम्या खात्यावर वजावट लावून बघा. पैसे जमा न झालेलं नाव पॅकिंगच्या यादीत आलं, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.