एम.ए. विद्यापीठाच्या विभागात करावे की जवळच्या महाविद्यालयात?

तुम्ही विचारले आहे की, अकोले तालुक्यातल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.चे शेवटचे वर्ष संपत आले आहे, आता एम.ए. जवळच्याच महाविद्यालयात करावे की पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागात, आणि पदवीवर नाव एकाच विद्यापीठाचे येणार असेल तर पुण्याचा खर्च कशासाठी करायचा. मी सिन्नर तालुक्यातला. हाच प्रश्न मनात ठेवून २०१४ साली मी पुण्याला गेलो, राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात एम.ए. केले, आणि सध्या एका संलग्न महाविद्यालयात तोच विषय शिकवतो. त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार पाहिलेले आहे. मी गेलो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे नाव बदलले, म्हणून माझ्या प्रवेशाच्या पावतीवर ‘पुणे विद्यापीठ’ आणि गुणपत्रिकेवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे आहे. आजही कागदपत्रे तपासताना कोणी ना कोणी त्यावरून चौकशी करतेच.

पदवी एकच असते, हे खरे. फरक वेगळ्या जागी आहे, आणि तो बहुतेकांना प्रवेश घेतल्यावर कळतो. संलग्न महाविद्यालयात शिकवणारा एक, प्रश्नपत्रिका काढणारा दुसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा असतो. विभागात ही तिन्ही कामे बहुतेक वेळा एकच माणूस करतो. (स्वायत्त, म्हणजे आपली परीक्षा आपणच घेणाऱ्या महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे, पण तुमच्या जवळ तसे महाविद्यालय आहे असे प्रश्नावरून वाटत नाही.) हा फरक आजचा नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले तेव्हा ते मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले तेही संलग्न महाविद्यालयांचा पसारा घेऊनच. १९६२ मध्ये कोल्हापूरला आणि १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठे झाल्यावर कार्यक्षेत्र आकसले, तरी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये आजही त्याच्याकडे आहेत. इतक्या महाविद्यालयांची परीक्षा एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर घ्यायची म्हटल्यावर प्रश्न सर्वांना झेपतील असे, ठरावीक वळणाचे निघणार, आणि बाजारात त्यांची ‘अपेक्षित’ उत्तरे छापून मिळणार, हे ओघानेच आले. मी स्वतः बी.ए.ची तीन वर्षे त्या पिवळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तिकांवर काढली आणि प्रथम श्रेणीही मिळवली.

विभागात त्या पुस्तिकेचा काही उपयोग होत नाही. तिथे निम्मे गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात: लेखी चाचणी, निबंध, सादरीकरण, एखाद्या लेखाचे परीक्षण. उरलेले सत्रान्त परीक्षेचे असतात, आणि ज्या शिक्षकाने वर्गात एखाद्या मुद्द्यावर तासभर वाद घातला त्याच शिक्षकाला तुम्ही तो वाद ऐकला होता का, हे पाहायचे असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचे एम.ए. ८८ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे), म्हणजे प्रत्येक सत्राला २२ श्रेयांकांचे झाले आहे. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४ श्रेयांक, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तिसऱ्या-चौथ्यात संशोधन प्रकल्प अशी रचना आहे. ४४ श्रेयांकांनंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. कागदावर ही रचना महाविद्यालयातही हीच आहे. परंतु क्षेत्रीय प्रकल्पाला मार्गदर्शन करायला जिथे अख्ख्या विषयाला दीड शिक्षक आहे (एक पूर्णवेळ आणि एक तासिका तत्त्वावरचा) तिथे त्याचे काय होते, हे मी रोज पाहतो. त्या दीडांपैकी एक मी आहे.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे भाषा. परीक्षेत मराठीत लिहिता येते, तासाला शिक्षक दोन्ही भाषांत बोलतात. वाचायचे मात्र बहुतांश इंग्रजीत असते. पहिल्याच आठवड्यात आम्हाला झेरॉक्सच्या दुकानातून एक संच घ्यायला सांगितले. त्यातला पहिला लेख बावीस पानांचा होता. तो वाचायला मला चार दिवस लागले आणि पाचव्या दिवशी तासाला समजले की लेखकाने ज्याचे म्हणणे खोडून काढले होते, तेच मी लेखकाचे मत म्हणून वहीत उतरवले होते. मला वाटले, आपले इथे काही खरे नाही. नंतर आमच्या वर्गातल्या पाच जणांनी ठरवून एक रीत पाडली. संध्याकाळी अनिकेत कॅन्टीनला बसायचे, प्रत्येकाने लेखाची चार-पाच पाने मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची. आमच्यातल्या एकीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले होते. तिला शब्द कळत, पण ग्रामपंचायतीतला राखीव सरपंच आणि त्याच्या मागे बसून कारभार करणारा पाटील हे प्रकरण तिला आम्ही समजावून सांगायचो. पहिल्या सत्रात मला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतके गुण पडले. तिसऱ्या सत्रापर्यंत बावीस पाने एका दुपारी होऊ लागली. दोन वर्षांत मी विभागातून काय घेऊन आलो असे कोणी विचारले तर मी ही दुपार सांगतो. राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर यांच्यासारख्यांनी या विभागात शिकवले आणि मराठीतही सातत्याने लिहिले, त्यामुळे मराठीत गंभीर लिहिता येते हा विश्वास तिथल्या वातावरणात होता. एरवी इंग्रजीच्या धाकाने गावाकडची मुले गप्प बसतात, तसे आमच्याकडे फारसे झाले नाही.

प्रवेशाविषयी. विभागांतील प्रवेश हे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर होतात. अर्ज संकेतस्थळावरून साधारण उन्हाळ्यात सुटतात, आणि दरवर्षीचे वेळापत्रक व नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत. गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. तयारीसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पुस्तके दोनदा नीट वाचा. बी.ए.च्या नोट्सपेक्षा ती जास्त कामाला येतात, कारण परीक्षेत संकल्पना विचारल्या जातात आणि कलमांचे क्रमांक पाठ असण्याने फारसे काही साधत नाही. तुम्ही याच विद्यापीठाच्या महाविद्यालयातून येत असल्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्राची कटकट नाही. कायम नोंदणी क्रमांक, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि श्रेयांक बँकेचा (एबीसी) ओळख क्रमांक एवढे हाताशी ठेवा.

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत आजच पाहा. ती ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जून-जुलैत होतात, ही साधी गोष्ट मी पाहिली नव्हती. गुणवत्ता यादीत नाव लागले, कागदपत्रे घेऊन गेलो आणि टेबलापलीकडच्या बाईंनी तारखेवर पेन्सिलीने गोल करून फाइल परत दिली. चूक सर्वस्वी माझी होती. तिथून तसाच एसटीने सिन्नरला, सेतू केंद्रात अर्ज, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, मग आठवडाभर वाट. तोपर्यंत पहिली यादी बंद झाली. दुसऱ्या यादीत जागा उरली म्हणून मी आज हे उत्तर लिहितो आहे.

वसतिगृह हा खरा अडथळा आहे. जागा कमी, अर्ज जास्त. यादी विभागवार गुणवत्तेने लागते आणि तीही प्रवेश झाल्यावर, तास सुरू झाल्यावर. मधले काही आठवडे कुठे राहायचे याची सोय आधीच करून ठेवावी लागते. ज्याचे नाव यादीत नाही आणि जो मित्राच्या खोलीत राहतो त्याला तिथल्या बोलीत ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द वाईट आहे, पण कोणी मनाला लावून घेत नाही. मी पहिले दीड महिना तोच होतो. दोन खाटांच्या खोलीत चौघे, माझी गादी दिवसा खाटेखाली गुंडाळलेली, आणि रात्री तपासणी आल्याची कुजबुज झाली की चपला हातात घेऊन अभ्यासिकेकडे. यात गंमत वाटत असली तरी हे नियमबाह्य आहे, आणि ज्या मित्राच्या नावावर खोली आहे त्याची खोली जाऊ शकते, म्हणून त्यावर भिस्त ठेवून येऊ नका.

खर्चात विभागाची फी हा मोठा भाग नसतो. पैसा जातो तो राहण्या-जेवण्यात. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध घटकातले असाल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. भोजन, निवास आणि निर्वाह असे तिचे तीन भाग आहेत. हप्ते मात्र महिन्याच्या महिन्याला येतील असे धरून खानावळवाल्याला शब्द देऊ नका. बाकी सर्वांसाठी विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी. तासाच्या हिशेबाने मानधन मिळते. कोणी बागेत, कोणी कार्यालयात, कोणी ग्रंथालयात. मला ग्रंथालय मिळाले. परत आलेली पुस्तके क्रमांकानुसार मांडणीवर लावायची. लावता लावता मी कपाटासमोर उभ्याने जितके वाचले तितके बसून वाचले नाही, आणि या ‘कामात हयगयी’बद्दल एकदा बोलणीही खाल्ली.

त्या ग्रंथालयाला सगळे नुसते ‘जयकर’ म्हणतात. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव त्याला आहे. त्याच्या अभ्यासिकेत सकाळी जागा धरण्यासाठी रांग लागते, आणि त्या रांगेतले बरेचसे स्पर्धा परीक्षेचे असतात. कित्येक जण एम.ए.ला प्रवेश घेतात तोच मुळी वसतिगृह आणि अभ्यासिका मिळावी म्हणून. त्यांना मी नावे ठेवत नाही. पुण्यात पेठांमधल्या खोल्यांचे भाडे ज्याने भरले आहे त्याला यामागचा हिशेब कळतो. पण तुमचाही मनातून तोच बेत असेल तर स्वतःशी प्रामाणिक राहा. अंतर्गत मूल्यमापनामुळे विभागात सतत काहीतरी देणे लागते, हजेरी पाहिली जाते, आणि दोन्ही डगरींवर हात ठेवणारे माझ्या वर्गातले तिघे दुसऱ्या सत्रानंतर दिसले नाहीत. उलट प्राध्यापकीकडे जायचे असेल तर नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांची तयारी एम.ए.च्या अभ्यासातच होऊन जाते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेते. मी ती दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो.

कोणी विभागात जाऊ नये, तेही सांगतो. घरची जबाबदारी अंगावर आहे, शेतीकडे किंवा नोकरीकडे रोज पाहावे लागते, पदवी हवी आहे ती बी.एड.नंतरच्या बढतीसाठी, अशांनी जवळचे महाविद्यालय घ्यावे, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून करावे. त्यात काही कमीपणा नाही. गावाहून येऊन-जाऊन विभागात शिकण्याचा विचार मात्र सोडून द्या. विभागातले निम्मे शिक्षण तास संपल्यावर होते, आणि त्या वेळी तुम्ही नारायणगावच्या पुढे एसटीत बसलेले असाल.

जायचे ठरले तर अर्जापूर्वी एकदा, सुट्टीचा वार टाळून, प्रत्यक्ष विभागात जाऊन या. एसटी हल्ली शिवाजीनगरऐवजी वाकडेवाडीला उतरवते. तिथून विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारापर्यंत पीएमपीची बस मिळते. आवार चारशे एकरांहून मोठे आहे, त्यामुळे आत बरेच चालायची तयारी ठेवा. कार्यालयात विचारण्याऐवजी बाहेर कट्ट्यावर बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की या सत्रात त्यांनी काय काय वाचले आणि काय लिहून दिले. आणि सहाव्या सत्राचा निकाल लागायची वाट पाहत अर्ज थांबवू नका. शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेल्यांनाही अर्ज करता येतो, निकाल प्रवेशाच्या वेळी दाखवावा लागतो.