उकडीत खिमा भरण्याविषयी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

मोदकाच्या उकडीत मसालेदार खिमा भरून मैत्रिणींसाठी मोमोसारखा काही पदार्थ करायचा तुझा बेत आहे, पण असे करणे आपल्या रीतीत बसते का, की तो मोदकाचा अवमान ठरेल, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न तुला पडला याचे मला फार समाधान वाटले, म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहीत आहे.

उकड म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवून मळलेली कणीक, एवढेच. ती देवाची होते ती नैवेद्यासाठी केली जाते तेव्हा. मोदक करून उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरे आणि कोथिंबीर घालून तिखट निवगऱ्या करतात, त्या तू आवडीने खाल्ल्या आहेस. तेव्हा उकडीला गोडाचेच बंधन आहे असे मुळीच नाही. मांसाहार आणि देव यांच्याबद्दलही सर्व मराठी घरांत एकच नियम नाही. कोकणातील काही समाजांत गणपतीबरोबर आलेल्या गौरीला मटणाचा किंवा मासळीचा नैवेद्य दाखवतात, तर कित्येक घरांत श्रावणभर आणि त्यानंतर गणपतीचे विसर्जन होईपर्यंत सामिष शिजत नाही. आपल्या घरी सोमवार, गुरुवार आणि संकष्टी पाळली जाते. तेवढे दिवस सोडून तू हा पदार्थ अवश्य कर. माझी विनंती एकच आहे. मोदकाचा कळ्यांचा, वर नाक काढलेला आकार नैवेद्यासाठी राखून ठेव आणि खिम्याच्या पारीला करंजीसारखा अर्धचंद्राकार देऊन कडेला मुरड घाल. हा कुठल्या शास्त्राचा आदेश नव्हे, पण ताटात पाहताक्षणी काय आहे ते ओळखू यावे, आणि शाकाहारी पाहुण्याने मोदक समजून चुकून तोंडात घालू नये, एवढे भान त्यात आहे.

आता कृतीकडे वळते, कारण असे मिश्र पदार्थ फसतात ते रीतीमुळे नव्हे, तर पारी आणि सारण यांचा मेळ न जमल्यामुळे. मोमो किंवा चिनी पद्धतीच्या भरलेल्या पदार्थांत खिमा बहुधा कच्चाच भरतात. तेथे पारी गव्हाच्या पिठाची असते. मळून अर्धा तास झाकून ठेवले की त्या पिठाला चिवटपणा येतो, आणि वाफवताना मांसातून सुटलेला रस ती न फाटता आत धरून ठेवते. तो रस हीच त्या पदार्थाची गोडी असते. तांदळाच्या पिठात हा चिवटपणा नसतो. उकळत्या पाण्याने त्यातील स्टार्च फुगतो आणि त्याच्या चिकटपणावर उकड बांधली जाते, म्हणून ती गरम असतानाच मळावी लागते, आणि म्हणूनच आत पाणी सुटले की ती चिरते. तेव्हा उकडीत कच्चा खिमा भरू नये. शिवाय आपल्या तोंडाला खिम्याची जी चव ठाऊक आहे ती कांदा, आले आणि लसूण तेलात नीट परतल्यावरच येते. कच्च्या सारणात मसाला कितीही घातला तरी ती येत नाही.

अर्ध्या किलो खिम्याला दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून तेलात तांबूस होईपर्यंत परत. त्यावर चमचाभर आले-लसणाचे वाटण, हळद, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि खिमा घालून, गुठळ्या कालथ्याने मोडत शिजव. टोमॅटो घालू नकोस. खिम्याला प्रथम बरेच पाणी सुटेल. झाकण न ठेवता ते पूर्ण आटू दे. पाणी संपले की आवाज बदलतो, खदखदणे थांबून चरचर ऐकू येऊ लागते आणि कडेने तेल सुटते. त्या वेळी मीठ चाखून पाहा आणि दोन चमचे सुके खोबरे भाजून, हाताने चुरून त्यात मिसळ. खोबरे चवीसाठी आहेच, पण उरलेला ओलावा शोषून घेण्याचे त्याचे काम मला अधिक मोलाचे वाटते. जास्तीचे तेल काढून टाक, कोथिंबीर घाल आणि सारण पूर्ण गार होऊ दे. गरम सारण भरले तर पारी आतून ओली होऊन तळाशी फाटते.

उकडीसाठी जितक्या वाट्या पीठ तितक्याच वाट्या पाणी, हे प्रमाण धर. दोन वाट्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आली की दोन वाट्या पीठ घाल, उलथण्याच्या दांड्याने ढवळ, मंद आचेवर झाकून दोन-तीन मिनिटे दणदणीत वाफ येऊ दे. नंतर परातीत काढून, हाताला पाणी आणि तेल लावत, चटका सोसेल तितके गरम असतानाच गुळगुळीत मळ. तिकडच्या आशियाई दुकानांत तांदळाची दोन प्रकारची पिठे मिळतात. त्यांतले चिकट तांदळाचे पीठ घेऊ नकोस, त्याची पारी वाफवल्यावर पसरते. साधे, बारीक दळलेले पीठ हवे. मळलेला गोळा ओल्या कापडाखाली ठेव आणि एका वेळी एकच पारी कर. लिंबाएवढी गोळी घेऊन तेलाच्या बोटांनी दाबत नेताना मध्यभाग किंचित जाड आणि कडा पातळ ठेव, कारण मुरड घातल्यावर कडेला दोन थर येतात आणि तेथेच उकड कच्ची राहते. सारण चमचाभरच घाल. अधिक भरण्याचा मोह होतो, पण कडा मिटताना खिम्याचा एक कण जरी मध्ये आला तरी तोंड उघडते.

मोदकपात्र नसले तरी चाळणी आणि मोठे पातेले पुरते. खाली केळीचे पान नसेल तर कोबीचे पान घाल. पाणी आधी उकळून मगच चाळणी ठेव आणि बारा ते पंधरा मिनिटे वाफव. उकड चकचकीत दिसू लागली आणि ओले बोट लावल्यावर चिकटेनाशी झाली की झाले.

पुढे कधी गव्हाच्या पारीत कच्चा खिमा भरून करावेसे वाटले तर तेही जरूर कर, फक्त त्या वेळी डोळ्यांच्या अंदाजावर राहू नकोस. आतले सारण मटणाचे असेल तर ७१ आणि कोंबडीचे असेल तर ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक एका नगात खुपसून पाहावा.

सोबत सॉस मांडण्यापेक्षा ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू यांची चटणी कर. खिम्याच्या तिखटावर तिचा आंबटगोड थंडावा फार छान लागतो. उरलेले उकडीचे नग फ्रिजमध्ये कडक होतात, तेव्हा खाण्यापूर्वी ते पुन्हा पाच मिनिटे वाफवावेत. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणी शाकाहारी असेल तर निवगऱ्यांसाठी थोडी उकड आधीच बाजूला काढ, त्या पहिल्या घाण्यात वाफवून वेगळ्या ताटलीत ठेव, आणि मगच त्या पातेल्यावर खिम्याची चाळणी चढव.

तुझी,
आई