आधी आईची फाइल हातात घ्या

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी वापरला गेला, हे आई गेल्यावर डॉक्टरांच्या बोलण्यातून तुम्हाला कळलं. त्या संशोधनात आईचं नाव जाहीरपणे यावं, अशी तुमची इच्छा आहे. अशी पत्रं मला बरेचदा येतात आणि बहुतेकांत हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन रुग्ण महिलेचा दाखला असतो; त्यांच्या गाठीतल्या पेशी जगभर संशोधनात वापरल्या गेल्या.

नावाचं नंतर बघू. भरतीच्या वेळी न वाचता सह्या केल्या, एकाही कागदाची प्रत घेतली नाही, असं तुम्ही सहज लिहून गेलात. सगळं तिथेच अडलंय! संमतीपत्रात ‘उरलेला नमुना संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही’ असं कलम होतं की नाही, हे तो कागद बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपायला सांगतात. तुमची दोन वर्षं दहा महिने उलटली आहेत. मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, पण मागणी तर केली पाहिजे!

लॅक्स यांच्या पेशी १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड लागायला २०१० उजाडलं. त्यांच्या पेशींची जनुकीय माहिती वापरणाऱ्यांनी शोधनिबंधात त्यांचा आणि कुटुंबाचा ऋणनिर्देश करावा, हे २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेशी झालेल्या समझोत्यात ठरलं. त्या पेशींतून नफा कमावल्याबद्दल थर्मो फिशर कंपनीवर कुटुंबाने केलेला दावा २०२१ चा. दाव्याची मुदत टळली, असं कंपनीचं म्हणणं होतं; त्यावर निकाल लागण्याआधीच २०२३ मध्ये गुप्त तडजोड झाली. त्यामुळे त्या दाव्याच्या भरवशावर आपल्याकडे कोर्टाची पायरी चढू नका.

तुम्हीही लेखी समझोत्याचाच मार्ग धरा. गोपनीयतेमुळे संशोधक आपणहून नाव छापणार नाहीत. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला, पत्र द्या आणि त्यावर सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या. आईच्या आजाराची माहिती उघड झाली की ती तुम्हा सगळ्यांना चिकटते. एखाद्याची हरकत असेल तर ती आत्ताच कळू दे.

भरपाईसाठी ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. ती तुम्हाला कळल्या दिवसापासून मोजतील का, याची खात्री मी देणार नाही.

उद्या सकाळी रेकॉर्ड विभागात अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.