अमेरिकेच्या वाळवंटातले घोडागाडीचे थांबे खरोखर कसे होते? सिनेमात दाखवतात तसे हल्ले व्हायचे का?

सगळ्या थांब्यांना लागू पडेल असं एक उत्तर देता येणार नाही. त्यापेक्षा ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ड्रॅगून स्प्रिंग्ज या एकाच थांब्याची हकीकत सांगतो. सिनेमातल्या ठरलेल्या चित्रात ती अजिबात बसत नाही.

1857 मध्ये अमेरिकी सरकारने जॉन बटरफील्डच्या कंपनीला टपालाचं कंत्राट दिलं. मिसुरीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आठवड्यातून दोनदा, 25 दिवसांच्या आत टपाल पोचवायचं, आणि त्याचे वर्षाला सहा लाख डॉलर. रस्ता जवळजवळ 2,800 मैलांचा. एवढं अंतर एकाच जोडीच्या जनावरांवर कापणं शक्यच नव्हतं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ताजी खेचरं आणि घोडे बांधून ठेवावे लागायचे. थांबा म्हणजे मुळात जनावरांचा वाडा. माणसांची सोय त्यातल्याच एखाद्या कोपऱ्यात, तीही कशीबशी.

वाळवंटात थांब्याची जागा ठरवायचं पाणी. ड्रॅगून डोंगरांच्या उत्तर टोकाला घळीत झरा आहे, म्हणून थांबा तिथे. पूर्वेकडची अपाची पास ही खिंड तिथून सुमारे 40 मैल, म्हणजे पाणी भरून घ्यायची ही नेमकी जागा. पण हाच झरा चिरिकाहुआ अपाची या तिथल्या मूळ रहिवासी टोळीच्याही वाटेवर होता. साहजिकच कंपनीने दगडाच्या उंच भिंती आणि एकच दरवाजा असा कोट बांधायला घेतला.

भिंती उभ्या राहिल्या, छप्पर अजून व्हायचं होतं. 8 सप्टेंबर 1858 च्या रात्री आत कंपनीची चार माणसं आणि तीन मेक्सिकन मजूर होते. मध्यरात्रीनंतर या मजुरांनीच कुऱ्हाडी आणि दगड फोडायचा घण घेऊन झोपलेल्या चौघांवर घाला घातला. एक जागीच गेला, दोघे जबर जखमी होऊन नंतर दगावले. चौथा सायलस सेंट जॉन. त्याचा डावा हात तुटून लोंबत होता, कमरेवरही वार होता. तरी त्याने बंदूक उचलली आणि मारेकरी पळाले. भिंती बाहेरच्यांसाठी घातल्या होत्या, घात आतून झाला. सगळा भर बाहेरच्या शत्रूवर देणाऱ्या सिनेमांचा म्हणूनच मला कंटाळा येतो.

पुढचे दिवस त्याहून भयंकर. सेंट जॉनने रक्त थांबवायला हाताला आवळपट्टी बांधली, पण झऱ्यापर्यंत जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. वाड्यात तहानलेली खेचरं ओरडत होती, बाहेर लांडगे घिरट्या घालत होते. रविवारी, 12 तारखेला, वाटसरू पोचले तेव्हा त्याला पाण्याचा पहिला घोट मिळाला. फोर्ट ब्यूकॅननहून लष्करी डॉक्टर बर्नार्ड आयर्विन आले आणि 17 तारखेला त्यांनी हात खांद्यापासून काढला. गंमत बघा, बटरफील्डचं पश्चिमेकडचं पहिलं टपाल मिसुरीहून निघालं ते आदल्याच दिवशी, 16 ला! म्हणजे गाडी धावायच्या आधीच या थांब्यावर तीन बळी पडले होते. सेंट जॉन मात्र वाचला, आणि काही आठवड्यांत घोड्यावर बसून टूसॉनला गेला.

त्यानंतरचा थांब्याचा रोजचा कारभार अगदी साधा. गाडी आली की जनावरं बदलायची, उतारूंच्या पोटात काहीतरी ढकलायचं, गाडी हाकायची. पूर्ण प्रवासाचं पश्चिमेकडे जाणारं भाडं सुरुवातीला 200 डॉलर होतं, आणि झोप काढायची ती चालत्या गाडीतच.

हे सगळं चाललं जेमतेम अडीच वर्षं. 1861 च्या फेब्रुवारीत अपाची पासला अमेरिकी लष्कराच्या लेफ्टनंट बॅस्कमने एका मुलाच्या अपहरणाचा आळ घेऊन कोचीस या अपाची पुढाऱ्याला पकडायला पाहिलं. तो आळ खोटा होता. कोचीस निसटला, पण दोन्ही बाजूंनी ओलीस मारले गेले आणि वर्षानुवर्षांचं युद्ध पेटलं. त्याच सुमाराला अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची चाहूल लागली आणि मार्चमध्ये सरकारने टपाल उत्तरेकडच्या मार्गावर हलवलं. 1862 च्या मे महिन्यात दक्षिणेच्या फौजेतली एक तुकडी इथे अपाचींच्या हल्ल्यात सापडली. म्हणजे सिनेमातला हल्ला इथे झाला खरा, पण गाड्या बंद झाल्यावर. त्यात पडलेल्यांच्या कबरी भिंतींजवळच आहेत.

पडक्या भिंती आजही पाहता येतात. ड्रॅगून गावातून कच्चा रस्ता जातो, जागा कोरोनाडो राष्ट्रीय वनात आहे. पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये, उंच चाकांची गाडी असेल तरच जा, आणि पिण्याचं पाणी बरोबर घ्या.