चित्र येत नाही, तरी तोक्योत दिग्दर्शक व्हायचं म्हणतेस

तुझं पत्र वाचलं. पुण्यातली नोकरी सोडायची, तोक्योत भाषाशाळेत नाव घालायचं आणि जपानी शिकता शिकता अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, स्टुडिओत शिरायचं, असा तुझा बेत आहे. चित्र काढता येत नाही, पण लिहिता येतं. वर घिबली स्टुडिओच्या नामवंत दिग्दर्शकाचं नाव घेऊन विचारतेस, ‘इसाओ ताकाहाता तरी कुठे चित्रं काढायचे?’ मी इथे तोक्योत एका छोट्या स्टुडिओच्या निर्मिती विभागात काही वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताकाहाता अ‍ॅनिमेटर नव्हते, हे खरंच. पण ते आत कसे आले ते बघ. तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकत असताना त्यांनी पोल ग्रिमो या फ्रेंच दिग्दर्शकाचा एक अ‍ॅनिमेशनपट पाहिला. त्याच्या पटकथेत कवी जाक प्रेव्हेरचा हात होता. तिथून ते या माध्यमाकडे वळले आणि १९५९ साली तोएई दोगा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओमध्ये दिग्दर्शन शिकण्यासाठी पगारी नोकर म्हणून लागले. आधी सहायक, मग टीव्ही मालिकेचे भाग, आणि १९६८ मध्ये ‘होरुस’ हा पहिला चित्रपट. तोही मिळाला तो यासुओ ओत्सुका या कसलेल्या अ‍ॅनिमेटरने ‘दिग्दर्शक ताकाहाताच हवा’ असा हट्ट धरला म्हणून. काम लांबलं, खर्च वाढला, चित्रपट चालला नाही, आणि तोएईत त्यांना दुसरा चित्रपट कधीच मिळाला नाही. १९७१ मध्ये ते बाहेर पडले.

म्हणजे चित्र न काढणाऱ्या त्या माणसाच्या शेजारी ओत्सुका होते, पुढे ‘घिबली’चे दिग्दर्शक म्हणून गाजलेले तरुण मियाझाकी होते, आणि डोक्यातलं त्यांना समजावायला त्याच्याकडे स्वतःची मातृभाषा होती. तुझ्याकडे यातलं काय आहे, हा माझा पहिला प्रश्न.

तू लिहिणारी आहेस, तर त्यांच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सांगतो. १९९१ चा त्यांचा ‘ओमोइदे पोरोपोरो’ हा चित्रपट बघ, आणि जमलं तर तो ज्यावर बेतला ती मूळ मांगाही, म्हणजे जपानी चित्रकथाही, मिळव. मांगात फक्त शाळकरी ताएकोच्या आठवणी आहेत, सुट्या सुट्या. त्यातून सलग चित्रपट होईना. मग ताकाहातांनी सत्तावीस वर्षांची ताएको स्वतः लिहिली. तोक्योतली नोकरदार मुलगी सुट्टी घेऊन यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते आणि लहानपण तिच्या मागे मागे येतं. मोठ्या ताएकोच्या भागासाठी संवाद आधी रेकॉर्ड केले आणि हसताना गालावर पडणाऱ्या रेषांसकट चेहरे त्यावर बेतले. हे सगळं हातात पेन्सिल न धरता ठरवलेलं आहे! पण ठरवायला किती बारीक बघावं लागलं असेल. ‘हायडी’ या त्यांच्या टीव्ही मालिकेच्या आधी, १९७३ मध्ये, ताकाहाता आणि त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर-घरं बघून आली होती, टीव्ही मालिकेसाठी असं कोणी करत नसे.

त्यांच्या संथपणाच्या कथा मात्र निर्मितीवाल्यांना आजही घाम फोडतात. ‘कागुया’ या त्यांच्या शेवटच्या चित्रपटाला आठ वर्षं लागली, खर्च ५ अब्ज येनच्या घरात गेला. मियाझाकींच्या चित्रपटासोबत २०१३ च्या उन्हाळ्यात लागायचा तो नोव्हेंबरवर गेला. तुला अशी मोकळीक कोणी देणार नाही.

आज चित्र न येणाऱ्याला आत शिरायचा रुळलेला रस्ता म्हणजे ‘सेइसाकु शिंको’, म्हणजे निर्मितीची धावपळ सांभाळणारा साहाय्यक. एका भागाचे साधारण तीनशे कट (शॉट) या अ‍ॅनिमेटरकडून त्या अ‍ॅनिमेटरकडे पोचवायचे, तारखा सांभाळायच्या, रात्री फोन करून विनवण्या करायच्या. ‘गंडम’चे दिग्दर्शक तोमिनोही १९६४ मध्ये मुशी प्रोडक्शन या स्टुडिओत याच बाजूने शिरले आणि पुढे स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांचा चित्र-आराखडा करण्याच्या कामावर, आले. हे काम अर्धवट जपानीत होत नाही. चिडलेल्या माणसाचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं ओळखावं लागतं.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नकोस. पुण्यात जपानी शिकायची जेवढी सोय आहे तेवढी भारतात फार थोड्या शहरांत असेल. जपानी भाषेच्या परीक्षेची (जेएलपीटी) निदान एन-२ ही पातळी पुण्यातच गाठ. भाषाशाळेचा विद्यार्थी व्हिसा जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि त्यावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं. शून्यापासून सुरुवात केलीस तर ती दोन वर्षं दुकानाच्या काउंटरमागेच संपतील. नोकरीच्या व्हिसाला तुझी पदवी चालेल, पण कंपनीचा पगारी करार हवा. कटमागे पैसे देणारं फ्रीलान्स काम त्यासाठी पुरत नाही.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून. शिंकोच्या जाहिरातीत बहुतेकदा गाडी चालवण्याचा परवाना मागतात. भारतातला इथे बदलून मिळतो, पण परवाना काढल्यावर किमान तीन महिने भारतात राहिलेली असलीस तरच, आणि वर इथली परीक्षा आहेच. तेव्हा गाडी आताच शिकून घे.

घर नेरिमा किंवा सुगिनामीकडे बघ, बरेच स्टुडिओ त्याच पट्ट्यात आहेत. निशी-कासाईला आपली माणसं, किराणा, गणपती सगळं मिळेल, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. रात्री उशिरा सुटलीस तर शेवटची गाडी चुकते.

डिसेंबरची जेएलपीटी दे. निकाल आला की ‘ओमोइदे’मधल्या एका प्रसंगावर जपानीत दोन पानं लिहून मला पाठव. माझ्या ओळखीच्या एका दिग्दर्शकाला वाचायला देईन.